नेट गेलं? आधी डबीवरचे दिवे बघा

शनिवार पेठेत आणि नदीपलीकडे डेक्कनला मी केबल-इंटरनेटच्या लाइनवर काम करतो. फोनवर वाक्य ठरलेलं असतं: "अहो, नेट गेलंय!" नक्की काय गेलंय, ते भिंतीवरची ओएनयूची डबीच सांगते, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचं नेट करणारी डबी.

डबीवर ‘पॉन’ (PON) आणि ‘लॉस’ (LOS) असे दोन दिवे असतात. पॉन हिरवा, स्थिर आणि लॉस बंद असेल तर लाइन तुमच्या घरापर्यंत ठीक आहे. मग रिचार्ज संपलाय का बघा, राउटर बंद करून मिनिटभराने लावा. पॉन लुकलुकतच राहिला तर ऑफिसला कळवा. बरेचदा ते काम तिथूनच होतं.

लॉस लाल झाला म्हणजे प्रकाशच येत नाहीये. डबीमागची बारीक पिवळी वायर तपासा. आत केसाएवढी काच असते. कपाट सरकवताना ती दुमडली, की प्रकाश त्या वळणावरच बाहेर सांडतो. वायर अलगद सैल करा, पण हिरवं टोक उपसू नका. उपसून शर्टाला पुसून परत खोचणारे काका पेठेत हमखास भेटतात; मग धूळ साफ करायला मीच जिने चढतो. टोकात डोकावायचं तर अजिबात नाही. तो लेसर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

वायर ठीक असूनही लाल असेल तर बाहेर कुठेतरी तुटलंय. पावसाळ्यात फांदी पडते, रस्ता खोदतात, गणपतीआधी मांडव उभे राहतात. फोनवर "लॉस लाल आहे" एवढं सांगा, म्हणजे मी जोड मारायचं मशीन घेऊनच निघतो. काम झाल्यावर पॉवर मीटर, म्हणजे प्रकाश किती येतोय ते मोजणारं यंत्र, दाखवायला सांगा, लाजू नका. उणे २० डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं माप) आसपास उत्तम. उणे २७ च्या पलीकडे गेलं की नेट लंगडतं.

२०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन ९५ च्या वर जात नसेल, तर राउटरचं पोर्ट १०० चंच आहे का बघा. वाड्याच्या जाड भिंतींपलीकडे वाय-फायचं ५ गिगाहर्ट्‌झ टिकत नाही, तिथे २.४ वर जा.

आणि नेट चालू, पण टीव्हीवर ‘नो सिग्नल’? रिमोटवरचं सोर्सचं बटण दाबलं गेलंय का, ते आधी आजोबांना विचारा.