कुशीवर झोपणाऱ्यांनो, कॅम्पिंगची मॅट घेताना या चुका टाळा

दुकानात मॅट बघायला आलेला माणूस ती जमिनीवर पसरतो, उताणा पडतो, दोन मिनिटांत "मस्त आहे" म्हणतो आणि पैसे मोजतो. रात्री मात्र तो झोपणार असतो कुशीवर. मग सोमवारी मला फोन येतो : खांदा आखडलाय, हाताला मुंग्या येतात, तंबूत झोपणं आपलं काम नव्हे. काम तुमचंच आहे हो, मॅट चुकली आहे.

उताणं झोपलं की वजन पाठ, कंबर, पोटऱ्या अशा मोठ्या भागावर पसरतं. कुशीवर वळलं की तेच वजन मुख्यतः खांदा आणि खुबा या दोन जागी उतरतं. खाली जांभ्या दगडाचं कडक पठार, म्हणजे सडा, असेल तर एक-दोन सेंटीमीटरची फोमची मॅट खुब्याखाली पार चपटी होते. आपोआप फुगणाऱ्या मॅट बहुतेक अडीच ते पाच सेंटीमीटर जाडीच्या असतात, बारीक अंगाच्या माणसाला त्यातली जाड मॅट चालून जाते. बाकीच्यांनी हवेची घ्यावी, किमान साडेसात सेंटीमीटर. खुबे रुंद असतील तर दहा. "आम्ही लहानपणी शेणाने सारवलेल्या जमिनीवर झोपायचो" हे मला कुणी सांगू नये. तेव्हा वय आठ होतं आणि वजन वीस किलो.

दुकानात पंधरा मिनिटं कुशीवर पडा. सोबतच्या माणसाला खुब्याखाली तळहात सरकवायला सांगा. जमीन हाताला टेकली तर मॅट परत ठेवा.

आता माझी सर्वांत नावडती चूक : मॅट टम्म फुगवणं. चांगली जाड मॅट घेऊनही लोक इथेच फसतात. गेल्या जानेवारीत गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका मित्राच्या काजूच्या बागायतीत आम्ही तंबू टाकले होते. भाच्याने नवी दहा सेंटीमीटरची मॅट आणली होती आणि पंपाने ती इतकी भरली होती की टिचकी मारली तर घुमट या वाद्यासारखी वाजावी. रात्री एकच्या सुमाराला बॅटरीच्या उजेडात तो बसलेला दिसला. खांद्यावर लाल वळ. म्हणाला, "मामा, मी गाडीत झोपतो."

त्याला तसंच कुशीवर आडवं केलं, त्याच्या खुब्याखाली माझा हात घातला आणि दुसऱ्या हाताने व्हॉल्व्ह दाबला. थोडी हवा सोडली, थांबलो, परत थोडी सोडली. खुबा मॅटमध्ये रुतला, पण खाली दोन बोटांची जागा उरली, तिथे थांबलो. खांदाही आत बसला, मान सरळ झाली. सकाळी मोर ओरडत होते, चहा उकळून झाला, तरी हा उठेना. दहा हजारांच्या मॅटला जे साधलं नव्हतं ते अर्ध्या मिनिटात हवा सोडून साधलं. हवा नेहमी आडवं पडूनच जुळवायची. उभं राहून हाताने दाबून बघणं निरुपयोगी आहे, पण घाई करणारे तेच करतात.

याचा उलट प्रकारही होतो. संध्याकाळी 32 अंशांत भरलेली मॅट पहाटे 18 अंशांवर साधारण 4-5 टक्के आकसते, आणि लोक "पंक्चर" म्हणून ओरडतात. मी जेवण झाल्यावर, झोपायच्या अगदी आधी, पुन्हा एकदा हवा बघतो. खरं पंक्चर शोधायचं तर साबणाचं पाणी फासा आणि बुडबुडे बघा. तंबू टाकण्याआधी जागा झाडून घेतली तर ती वेळ सहसा येत नाही. करवंदीचा एक वाळका काटाही पुरतो, म्हणून माझ्या पिशवीत माडाच्या हिरांची लहान केरसुणी असतेच.

तोंडाने फुगवू नका. श्वासातली वाफ आत राहते आणि आपल्या दमट हवेत बुरशी धरते. पावसाळ्यात मॅट गुंडाळून डिकीत कोंबू नका, घरात व्हॉल्व्ह उघडा ठेवून पसरून ठेवा.

भरलेली मॅट भर उन्हात ठेवू नका. हवा प्रसरण पावते, आतले जोड सुटतात आणि मधोमध फुगवटा येतो. तो दुरुस्त होत नाही.

आर-व्हॅल्यूचा, म्हणजे मॅट जमिनीचा गारवा किती अडवते त्या आकड्याचा, बाऊ नको. गोव्यात एक-दोन पुरे, चार-पाचची मॅट हिमालयात जाणाऱ्याने घ्यावी. तेच पैसे रुंदीवर घाला. नेहमीची मॅट 51 सेंटीमीटरची असते, गुडघे दुमडून झोपणाऱ्याचे पाय तिच्याबाहेर जातात. 63-64 ची मिळते, ती बघा.

उशी विसरू नका. कुशीवर झोपताना कान आणि मॅट यांच्यात खांद्याएवढं अंतर पडतं, ते भरलं नाही तर मान रात्रभर लोंबते. दुमडलेली जाड चादर चालते. दुसरी एक गुडघ्यांमध्ये ठेवली की कंबरही सुटी होते.

आणि वाळू मऊ असते असं समजून पातळ मॅट नेणाऱ्यांसाठी : अंगाच्या वजनाने वाळू दबून घट्ट होते. जिथे तंबूला परवानगी आहे तिथे मी तंबू टाकण्याआधी खुब्याच्या जागी ओंजळभर खोल खळगा करतो आणि सकाळी बुजवतो. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे मात्र हे अजिबात करू नका. थंडीच्या महिन्यांत तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, त्या किनाऱ्यांवर ना तंबू टाकायचा, ना वाळू उकरायची.