पाकिटातलं खाणं घरातून कमी कसं करावं: नाशिकच्या घरांसाठी मार्गदर्शक

"भात कमी केला, तेल मोजून घालते, तरी वजन काही उतरत नाही." कॉलेज रोडच्या सोसायटीत हे ऐकू येतं आणि अंबडच्या कामगार वस्तीतही. त्या घरातलं जेवण बहुतेक वेळा खरंच चांगलं असतं. पोळी, भाजी, वरण, कधी बाजरीची भाकरी. भर पडते ती दोन जेवणांच्या मधल्या वेळेत. सकाळच्या चहाबरोबर बिस्किटं, मुलांच्या डब्यात नूडल्स, संध्याकाळी वेफर्सचं पाकीट, रात्री कोल्ड्रिंक. हे कोणी जेवणात धरत नाही, म्हणून हिशेबात येत नाही.

देशाचे आकडे सगळ्यांच्या समोर आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2015-16 मध्ये 15 ते 49 वयाच्या 20.6 टक्के स्त्रियांचं वजन प्रमाणाबाहेर होतं, 2019-21 मध्ये ते 24 टक्क्यांवर गेलं. पुरुषांमध्ये 18.9 वरून 22.9 टक्के. यात 25 च्या वरचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, धरलाय. आपल्याकडचे डॉक्टर 23 पासूनच सावध करतात, कारण आपल्या बांध्यात कमी वजनालाही पोटावर चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो.

वजन वाढण्याची कारणं अनेक आहेत. बसून काम, अपुरी झोप, अनुवंशिकता. पण जे कारण उद्या सकाळपासून आपल्या हातात येऊ शकतं, ते पाकिटाचं.

आधी शत्रू नीट ओळखा

प्रक्रिया केलेलं सगळंच वाईट, असं म्हटलं तर नाशिककरांना उपाशीच राहावं लागेल. भगरीचं टरफल गिरणीत काढतात, पिंपळगावकडची द्राक्षं वाळवून बेदाणे होतात, नागलीचे पापड उन्हात वाळतात, दुधाचं दही होतं. ही सगळी प्रक्रियाच आहे आणि ती पिढ्यान्‌पिढ्या अंगी लागलेली आहे.

ब्राझीलचे कार्लोस मोंटेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 पासून 'नोव्हा' नावाची वर्गवारी मांडली. तिच्यात अन्नाचे चार गट आहेत. चौथ्या गटाला अतिप्रक्रियायुक्त अन्न म्हणतात: मूळ धान्याचे किंवा फळाचे घटक कारखान्यात सुटे करून, त्यात रंग, स्वाद, इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ) घालून पुन्हा बांधलेले पदार्थ. ओळखायची सोपी खूण अशी, की घटकांची यादी वाचा आणि स्वतःला विचारा, यातलं काय काय माझ्या फडताळात आहे? चिक्कीच्या यादीत गूळ आणि शेंगदाणे असतात. क्रीम बिस्किटाच्या यादीतली निम्मी नावं कुठल्याच स्वयंपाकघरात सापडत नाहीत.

या खाण्यात नेमकं काय होतं, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांच्या गटाने दाखवलं. त्यांचा प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. 20 माणसांना तिथेच राहायला ठेवलं. प्रत्येकाला दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं, ताजं. समोर मांडलेल्या ताटांत कॅलरी, साखर, मीठ, स्निग्धांश, तंतू जवळपास सारखेच होते. पोट भरेल तेवढं खा, एवढीच सूचना. पाकिटाच्या दोन आठवड्यांत माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली आणि सरासरी 0.9 किलोने वाढली. साध्या खाण्यावर तेवढीच उतरली. 500 कॅलरी म्हणजे आपल्या मध्यम आकाराच्या साधारण पाच पोळ्या. कोणी रोज पाच पोळ्या जास्त खाल्ल्या तर घरात लगेच लक्षात येईल. पाकिटातून गेलेल्या येत नाहीत.

असं खाणं मऊ असतं, चावावं लागत नाही, तोंडात विरघळतं. मेंदूला पोट भरल्याचा निरोप पोचायला वेळ लागतो आणि तोवर पाकीट संपलेलं असतं. म्हणून "मनावर ताबा ठेवा" हा सल्ला मला अपुरा वाटतो. समोर पाकीट ठेवून ताबा ठेवायला सांगणं हा त्या माणसावर अन्यायच आहे.

पहिला आठवडा: काहीही बंद करू नका, फक्त साठवा

एक पिशवी घ्या आणि आठवडाभर घरातलं प्रत्येक रिकामं पाकीट, पुडा, बाटली तिच्यात टाका. घंटागाडीत जाऊ देऊ नका. मुलांनी बाहेर खाल्लेलं आणि कंपनीच्या कॅन्टीनमधलं कागदावर लिहा. रविवारी सगळं जमिनीवर मांडा आणि घरातल्या सगळ्यांना बोलवा. कोणावर बोट ठेवू नका. तीन ढीग करा: पिण्याचं, गोड, खारट. सगळ्यात मोठा ढीग कोणता, ते बघा. प्रत्येक घराचं उत्तर वेगळं निघतं, आणि आपल्या घराचं कळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

पिण्याच्या ढिगापासून सुरुवात करा

एकच गोष्ट करायची ताकद असेल तर हीच करा. साध्या कोलाच्या 100 मिलिलिटरमध्ये साधारण 10 ते 11 ग्रॅम साखर असते. 250 मिलिलिटरच्या बाटलीत 25 ग्रॅमच्या वर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2024 ची मार्गदर्शक तत्त्वं दिवसभराची साखरच 20 ते 25 ग्रॅममध्ये ठेवायला सांगतात. म्हणजे एका बाटलीत दिवस संपला, आणि पोट रिकामंच, कारण पातळ साखरेने भूक भागत नाही.

डब्यातले ज्यूस आणि दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी यांना घरात उगीच मान मिळतो. एप्रिल 2024 मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. त्याच वर्षी जूनमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ज्यूसच्या पाकिटांवरचा '100 टक्के फळांचा रस' हा दावा काढायचा आदेश दिला. नाशिकमध्ये राहून मुलाला द्राक्षाचा डबाबंद रस पाजणं हे मला खरंच बघवत नाही. हंगामात द्राक्षं सालीसकट खाऊ द्या. एरवी ताक, लिंबूपाणी, आंबील, माठातलं पाणी.

कोल्ड्रिंक घरात आणायचं बंद करा, लग्नात-वाढदिवसात कोणी दिलं तर भांडू नका.

पुड्याची मागची बाजू वाचा

समोरच्या बाजूवर गव्हाची ओंबी, मधाचा थेंब, 'मल्टिग्रेन' असं काहीही छापलेलं असतं. ते जाहिरात समजा आणि पुडा उलटा करा. चहाबरोबरचं साधं ग्लुकोज बिस्किटच घ्या. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून पहिली तीन नावंच पुरेत. ती बहुधा अशी असतात: रिफाइन्ड व्हीट फ्लोअर, म्हणजे मैदा, मग साखर, मग रिफाइन्ड पाम ऑइल. पुढे इन्व्हर्ट सिरप दिसेल, तीही साखरच. लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन ही त्याच कुळातली. साखर चार नावांनी विभागली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं, म्हणून सगळी एकत्र मोजा. 'मल्टिग्रेन' पुड्यावर नाचणीचं प्रमाण कंसात टक्क्यांत दिलेलं असेल, तेही बघा.

मग पोषणाचा तक्ता. 'पर सर्व्ह' हा रकाना सोडून द्या, कारण ती सर्व्हिंग कंपनीने ठरवलेली असते. '100 ग्रॅममध्ये' हा रकाना धरा. अशा बिस्किटात 100 ग्रॅमला साधारण 450 कॅलरी आणि 25 ग्रॅमच्या आसपास साखर असते. चहाबरोबर सहा बिस्किटं सहज जातात. त्या सव्वाशेच्या आसपास कॅलरी झाल्या, आणि चहातली साखर वेगळी.

टक्क्यांचा रकाना जपून वाचा. पाकिटावर दिलेली दैनंदिन गरजेची टक्केवारी 2000 कॅलरी आणि वरून घातलेली 50 ग्रॅम साखर धरून काढलेली असते. पोषण संस्थेने सांगितलेली मर्यादा त्याच्या निम्मी आहे, तेव्हा साखरेचा टक्का मनात दुप्पट करा. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी तर तो आकडा लागूच नाही. खारट पदार्थांत सोडियम बघा: आकड्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. दिवसाला 5 ग्रॅम मीठ पुरे, म्हणजे 2000 मिलिग्रॅम सोडियम.

सगळी पाकिटं एका मापाने मोजू नका. कणकेचा ब्रेड आणि कोल्ड्रिंक यांत मोठा फरक आहे. पॅकबंद दूध, साधं दही, पनीर, डाळी यांना या यादीत ओढू नका.

पाच वाजताच्या भुकेची सोय चारलाच करा

पाकीट फोडलं जातं ते भूक लागलेली असताना आणि घरात दुसरं काही तयार नसताना. त्यामुळे इथे उपदेशापेक्षा तयारी कामाची. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू हे समोरच्या डब्यांत, हाताच्या उंचीवर ठेवा. जे पाकीट आणायचंच आहे ते वरच्या फळीवर, डब्यात बंद. रविवारी मोठ्या कढईत कुरमुऱ्यांचं भडंग करून ठेवलं तर चार-पाच दिवस जातं. शेंगदाणे आणि डाळं सढळ हाताने घाला, नाहीतर नुसत्या कुरमुऱ्यांनी तासाभरात परत भूक लागते.

गरम काही हवं असेल तर नागलीचं धिरडं झटपट होतं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरी या आपल्याच तालुक्यांतली नागली. तिच्यात 100 ग्रॅमला 11 ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, मैद्यात तीनहून कमी. एक वाटी पीठ, पाव वाटी बेसन, बारीक कांदा, मिरची, कोथिंबीर, जिरं, मीठ घ्या आणि ताकाने सरसरीत भिजवा. दहा मिनिटं ठेवा. नागली पाणी पिते, घट्ट वाटलं तर पुन्हा थोडं ताक. तवा चांगला तापला की चमचाभर तेल फिरवा, डावभर पीठ पसरा आणि झाकण ठेवा. नागलीचा रंग मुळातच तपकिरी, त्यामुळे रंगावरून भाजल्याचं कळत नाही. वरचा ओलसरपणा जाऊन कडा सुटायला लागल्या की उलटा. थंड झाल्यावरही मऊ राहतं, म्हणून डब्यालाही चालतं.

सातपूर-अंबडला पाळीत काम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. रात्रपाळीत दोन वाजता मशीनशेजारी चहा-बिस्किटं किंवा क्रीमरोल, हेच मिळतं. डब्यात एक भाकरी-भाजी जास्तीची आणि खिशात मूठभर फुटाणे-शेंगदाणे, एवढं नेलं तरी फरक पडतो.

खरेदीची जागा आणि वेळ बदला

महिन्याच्या किराणा यादीतच बिस्किटांचा मोठा पुडा लिहिलेला असतो, तो आधी खोडा. घरात आलं की खाल्लं जातं. बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात किंवा आपल्या भागातल्या भाजीबाजारात आठवड्याची फळं-भाजी भरून ठेवा. सुपरमार्केटमध्ये जेवून जा, भुकेल्या पोटी नको. दहा मिनिटांत सामान आणणारी अ‍ॅप रात्री नऊनंतर उघडू नका. ती वेळ आईस्क्रीम आणि चिप्सचीच असते.

"पाकीट स्वस्त पडतं" असं वाटत असेल तर किलोचा भाव काढा. 10 रुपयांच्या पाकिटात 25 ग्रॅम माल असेल तर तो 400 रुपये किलो झाला. मग फुटाण्यांचा भाव विचारा.

आजी-आजोबांना बरोबर घ्या

नातवाला दुकानात नेऊन पाच रुपयांचं पाकीट घेऊन देणं ही आजोबांची माया आहे. ती तोडायला जाल तर सगळंच फिसकटेल. "आबा, त्याला रोज दुकानात न्याच, पण केळं नाहीतर चिक्की घेऊन द्या. वेफर्स फक्त रविवारी," असं स्पष्ट आणि आदराने सांगा. ठरलेला वार असला की मुलंही कमी हट्ट करतात. पाहुण्यांसमोर बिस्किटांची बशी ठेवण्याऐवजी हंगामातलं फळ चिरून ठेवा, पोहे करा. मुलाच्या वजनावरून चारचौघांत बोलू नका, कोणालाच नावं ठेवू नका. घराचा नियम सगळ्यांना सारखा.

आणि रविवारची मिसळ? ती खा. मटकी ताजी शिजवलेली असते, समोर बसून खाल्ली जाते, आठवड्यातून एकदा येते. तिसरा पाव आणि जास्तीची शेव टाळली की झालं. रोजच्या पुड्यांचा हिशेब मिसळीच्या माथी मारू नका.

वजनकाट्याबरोबर टेपही ठेवा

महिन्यातून एकदा, सकाळी, काही खाण्याआधी मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायचा, श्वास सोडून, पोट आत न ओढता. मोठ्या माणसांत पुरुषांचा घेर 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांचा 80 सेंटिमीटरच्या वर असेल तर लक्ष द्यायला हवं. मुलांना हे आकडे लावू नका. त्यांची वाढ बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. वजन आठवड्याला अर्धा किलोपर्यंत उतरत असेल तर ते चांगलं, त्याहून घाई नको.

तुमचं वय 30 च्या पुढे असेल तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखरेची तपासणी मोफत होते, ती करून घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर खाण्यात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना सांगा, कारण खाणं बदललं की औषधाचा डोसही बदलावा लागू शकतो.