टाइमलॅप्स निर्जीव वाटतोय? या चुका टाळा

टाइमलॅप्स म्हणजे पटापट पळवलेला व्हिडिओ, अशी समजूत करून घेतली की पुढच्या बऱ्याच चुका आपसूक होतात. खरं तर ठरावीक अंतराने घेतलेले फोटो (फ्रेम) सलग जोडून तो बनतो. यातली खरी गंमत डोळ्यांदेखत घडूनही न दिसणाऱ्या हालचालीत असते: सावलीचं सरकणं, धुक्याचं दरीत उतरणं, कळीचं उमलणं. १९०१ मध्ये न्यूयॉर्कमधलं स्टार थिएटर पाडलं जात असताना एफ. एस. आर्मिटेज यांनी समोरच्या इमारतीतून रोज दिवसभर दर ४ मिनिटांनी एक फ्रेम घेतली. कॅमेरा जागचा हलत नाही, तरी पूर्ण इमारत विरघळल्यासारखी खाली जाते आणि आज सव्वाशे वर्षांनीही नजर खिळून राहते. विषयाची निवड अचूक होती, एवढंच त्याचं कारण.

फोटोला छान, टाइमलॅप्सला फिका

निरभ्र आकाशातला सूर्यास्त फोटोत सुरेख दिसतो. टाइमलॅप्समध्ये तोच कंटाळवाणा होतो, कारण एक गोळा खाली जाण्यापलीकडे तिथे काही घडतच नाही. त्यापेक्षा तुटक ढग असलेली बेताची संध्याकाळ कितीतरी बरी. बटण दाबण्याआधी दोन गोष्टी बघा. अर्ध्या तासानंतर या चौकटीत काय वेगळं असेल? आणि काय अजिबात हललेलं नसेल? दुसरा प्रश्न बहुतेकजण विसरतात. ढग धावतात ते डोंगराच्या स्थिर कड्यामुळे जाणवतं. नुसत्या ढगांनी भरलेल्या फ्रेममध्ये नजरेला टेकायला जागाच उरत नाही.

इंटरव्हल चुकला की सगळंच चुकतं

हालचाल धक्के खात पुढे जात असेल, तर दोन फ्रेममधलं वेळेचं अंतर, म्हणजेच इंटरव्हल, जास्त झालंय. सगळं रेंगाळत असेल, तर कमी. वेगाने जाणारे ढग, रहदारी, माणसांची वर्दळ यांना १ ते २ सेकंद पुरतात. संथ ढगांना ५ ते १०. सूर्याला आकाशात स्वतःच्या व्यासाइतकं सरकायला साधारण २ मिनिटं लागतात, म्हणून सावल्यांसाठी २० ते ३० सेकंदांचं अंतर चालतं. फूल उमलण्यासाठी काही मिनिटं आणि बांधकामासाठी त्याहून जास्त.

हिशेब आधी करा. सेकंदाला २५ फ्रेमच्या वेगाने १० सेकंदांची क्लिप हवी तर २५० फ्रेम लागतात. ५ सेकंदांच्या इंटरव्हलने त्या जमवायला सुमारे २१ मिनिटं उभं राहावं लागेल. मनात शंका असेल तर कमी अंतर निवडा. जास्तीच्या फ्रेम एडिटिंगमध्ये गाळता येतात, न घेतलेल्या फ्रेम मात्र पैदा करता येत नाहीत. सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम तयार करून देतं खरं, पण त्यात गर्दीतल्या माणसांचे हातपाय वितळल्यासारखे दिसतात.

आणखी एक सापळा: इंटरव्हल हा एक्सपोजर (शटर उघडं राहण्याचा वेळ) आणि फोटो कार्डवर लिहिण्याचा वेळ यांच्या बेरजेपेक्षा मोठा हवा. ताऱ्यांच्या शूटिंगमध्ये लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे घालवणारी कॅमेऱ्यातली सोय) चालू राहिलं, तर कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर जवळपास तेवढाच वेळ अडून बसतो आणि ताऱ्यांच्या हालचालीत खाडे पडतात. ते बंदच ठेवा.

भर उन्हात सगळं थरथरतं

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते आणि सौंदर्याचं सगळ्यात मोठं नुकसानही हीच चूक करते. शटर १/५०० सेकंदच उघडं राहिलं की प्रत्येक माणूस, प्रत्येक पान धारदार गोठतं. असे गोठलेले क्षण एकापाठोपाठ पळवले की हालचाल वाहत नाही, टिचक्या मारल्यासारखी उडते. सिनेमात शटर साधारण फ्रेमच्या निम्मा वेळ उघडं असतं. तोच नियम इथे लावा. २ सेकंदांच्या इंटरव्हलला १ सेकंदाचं एक्सपोजर दिलं की गाड्या रेषा होतात, गर्दी प्रवाही होते.

अडचण उजेडाची. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ११ ला शटर १/२०० च्या आसपास येतं. ६ स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड अडवणारी काळपट काच; प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा होतो) लावला की ते सुमारे १/३ सेकंदावर उतरतं. नियमाला ते थोडं कमी पडतं, पण थरथर बरीच जाते. एनडी नसेल तर भर दुपारी गर्दीच्या मागे न लागता संध्याकाळची वाट बघणं शहाणपणाचं. मात्र हा नियम सगळीकडे ताणू नका. दूरचे संथ ढग वेगवान शटरलाही छान दिसतात. ताऱ्यांसाठी मर्यादाच वेगळी आहे: फुलफ्रेम (३५ मिमी फिल्मच्या आकाराचा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ५०० ला लेन्सच्या फोकल लेंथने (तिच्यावर लिहिलेल्या मिमीच्या आकड्याने) भागायचं, म्हणजे २० मिमी लेन्सला २५ सेकंद. त्यापुढे ठिपक्यांच्या रेघा होतात, आणि जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तर त्याआधीच.

लुकलुक: आधी कारण ओळखा

फ्लिकर, म्हणजे लुकलुक, दिसला की लगेच तो घालवणारं डीफ्लिकरचं सॉफ्टवेअर शोधू नका. लुकलुक कुठून येते ते आधी बघा.

फ्रेममध्ये पांढरा ट्रक आला आणि पूर्ण चित्र काळवंडलं, तर दोष ऑटो एक्सपोजरचा. रंग निळ्यातून पिवळ्यात उडी मारत असतील तर ऑटो व्हाइट बॅलन्सचा (उजेडानुसार रंग जुळवणाऱ्या सेटिंगचा). दोन्ही मॅन्युअलवर टाका, आयएसओही. फोकससुद्धा एकदा जुळवून मॅन्युअल करा, नाहीतर मधूनच लेन्स फोकस शोधत बसते.

सगळं मॅन्युअल असूनही हलकी लुकलुक राहिली, तर संशय ॲपर्चरवर घ्या. डीएसएलआरची लेन्स एरवी पूर्ण उघडी असते आणि प्रत्येक फोटोच्या वेळी तिच्या पाकळ्या मिटतात. त्या दरवेळी केसभर वेगळ्या जागी थांबतात. एका फोटोत ते कळणारही नाही, शेकडो फ्रेम सलग चालल्या की कळतं. उपाय सोपा: ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून शूट करा, किंवा ॲपर्चरची रिंग असलेली जुनी मॅन्युअल लेन्स वापरा. या कामात ती महागड्या नव्या लेन्सला भारी पडते.

तिसरं कारण दिवे. ५० हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. तिथे शटर १/५० किंवा त्याहून संथ ठेवा.

दिवसातून रात्रीत जाताना

हे सगळ्यात अवघड काम. दुपार आणि ताऱ्यांची रात्र यांच्यात वीसेक स्टॉपचा फरक पडतो, त्यामुळे एकाच सेटिंगवर भागत नाही. १/३ स्टॉपच्या पायऱ्यांनी आधी शटर, मग आयएसओ बदलत जा. रॉ फाइलवर (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलवर) एलआरटाइमलॅप्ससारखं सॉफ्टवेअर या पायऱ्या सपाट करतं. इथली कलात्मक चूक मात्र वेगळीच असते. उत्साहाच्या भरात रात्रही दिवसाइतकी उजळ केली जाते आणि अंधार पडण्याचं नाट्यच हरवतं. अंधाराला अंधार राहू द्या.

कॅमेरा उगाच फिरवणं

स्लायडर (कॅमेरा सरकवायची पट्टी) आणला म्हणून प्रत्येक शॉटमध्ये सरकवायलाच हवा असं नाही. दृश्यात आधीच तीन गोष्टी धावत असतील तर चौथी हालचाल कॅमेऱ्याची नको. फारच वाटलं तर एडिटिंगमध्ये करा. ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोतून ३८४० पिक्सेलची फोर-के चौकट काढली तरी हळुवार पॅनपुरती (चौकट आडवी सरकवण्यापुरती) जागा उरते, आणि पसंत पडलं नाही तर ते रद्दही करता येतं.

नको असलेली हालचाल वेगळी. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा, कारण काही लेन्स नसलेला धक्का सावरायला जाऊन फ्रेम हलवतात. पट्टा काढून ठेवा, वाऱ्यावर तो शिडासारखा ओढतो. ट्रायपॉडचा मधला खांब वर काढू नका. बॅटरी भरलेली आणि कार्ड रिकामं असावं, हे सांगायला नको. रात्री लेन्सवर दव धरतं, त्याला हीटरचा पट्टा लागतो.

फुलांच्या बाबतीत एक खास दगाफटका होतो. झाड उजेडाकडे वळतं, वाढतं आणि निम्म्यात फ्रेमबाहेर निघून जातं. वर मोकळी जागा सोडा, खिडकी झाका, एकाच दिव्यावर काम करा. ५ मिनिटांच्या अंतराने २४ तासांत २८८ फ्रेम मिळतात, म्हणजे जेमतेम साडेअकरा सेकंद.

एवढ्या कष्टाने मिळालेली क्लिप पूर्ण लांबीची वापरायचा मोह होतो. पण ढगांच्या साध्या शॉटला ६ ते ८ सेकंद पुष्कळ झाले, आणि त्याच्या सुरुवातीला व शेवटाला जर काहीच फरक नसेल तर तेवढेही नकोत. संगीत आधी निवडून त्याच्या ठोक्यावर शॉट कापत जाण्याची सवय मला तरी पटत नाही. ढगाची स्वतःची लय असते. एकदा आवाज बंद करून क्लिप बघा आणि जिथे कंटाळा येईल तिथे कापा.