आधी पान उलटा: जुनी फ्रेंच पशुपक्ष्यांची एनग्रेव्हिंग जमवताना

विक्रेत्यानं जुन्या छापील चित्राचं पान हातात दिलं की मी आधी ते उलटते. पक्षी कितीही देखणा असो, त्याच्याकडे नंतर बघायचं. ही सवय मला एका पोपटानं लावली. पॅरिसला राहायला आले त्या वर्षी ‘हातानं भरलेले रंग त्या काळचेच’ या तोंडी खात्रीवर मी तो घेतला. दोन दिवसांनी भिंगाखाली धरला, तर पंखावरच्या तांबूस डागावरून निळा रंग गेलेला. असे डाग उमटायला कागदाला वर्षानुवर्षं लागतात, म्हणजे रंग डागानंतरचा. पान उलटलं तर निळा मागे पाझरलेला. कागदाला सुरुवातीला दिलेला सरस काळानं विरतो, आणि मग त्यावर नव्यानं लावलेला जलरंग टिपकागदात शिरावा तसा आत शिरतो. दोन्ही खुणा मला विक्रेत्याच्या पेटीपाशीच अर्ध्या मिनिटात दिसल्या असत्या.

मागे उमटलेला प्रत्येक रंग मात्र खोटा समजू नका. तांब्यापासून केलेला जुना हिरवा कागदाला हळूहळू खातो. पानांच्या, गवताच्या जागी मागे तपकिरी सावली दिसली, तर तो हिरवा बहुधा जुनाच असतो. असं पान मी आनंदानं घेते, फक्त त्या जागी कागद तडकलेला नाही ना, हे बघते.

मग बोटं. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरायच्या, त्यांत शाई भरायची, पत्र्याचा वरचा भाग पुसून काढायचा आणि ओलसर कागदासकट पत्रा दाबयंत्रातून काढायचा, अशी ही छपाई. त्या दाबानं चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा चौकोन कागदात रुततो. फ्रेंच लोक त्याला ‘क्युव्हेत’ म्हणतात. पान दिव्यासमोर तिरकं धरलं की तो दिसतो, बोटालाही लागतो. समास कापून टाकले असतील तर हा चौकोनही जातो आणि किंमतही उतरते. दहापट भिंगाखाली रेघ सलग, टोकाला निमुळती आणि किंचित उठावदार दिसायला हवी. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती आधुनिक ऑफसेट छपाई. खडूसारखी रवाळ रेघ असेल आणि चौकोन नसेल, तर बहुधा दगडावरची लिथोग्राफी. तीही सुंदर असते, पण ती फ्रान्समध्ये रुळली एकोणिसाव्या शतकात.

कागद उजेडासमोर धरा. जवळजवळच्या बारीक रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या दूर-दूरच्या रेषा दिसल्या, तर तो ‘व्हेर्जे’, बहुधा जाळीवर हातानं उचललेला कागद. रेषा नसलेला गुळगुळीत ‘व्हेलां’ फ्रान्समध्ये 1780 च्या सुमारास बनू लागला. 1765 चं म्हणून दाखवलेलं पान व्हेलांवर असेल, तर ते खाली ठेवा.

आता काय जमवायचं. बहुतेकांची सुरुवात अठराव्या शतकातले फ्रेंच निसर्गअभ्यासक ब्युफाँ यांच्यापासून होते. त्यांच्या निसर्गेतिहासाचे खंड 1749 पासून राजाच्या छापखान्यातून निघू लागले, आणि त्यातले चतुष्पाद प्राणी जाक द सेव्हनं काढले. माझा जीव त्यातल्या गेंड्यावर आहे. 1749 मध्ये क्लारा नावाची गेंडीण पॅरिसमध्ये लोकांना दाखवायला आणली होती. उद्री या चित्रकारानं तिला समोर बघून रंगवलं, आणि 1764 च्या अकराव्या खंडातला गेंडा त्याच चित्रावरून आला. त्याआधी अडीचशे वर्षं युरोप जर्मन चित्रकार ड्युररचा चिलखती, खांद्यावर आणखी एक शिंग असलेला गेंडा खरा मानत होता. त्यामुळे काळ्या शाईतलं ते साधं पान मला रंगीत पानांपेक्षा मोलाचं वाटतं.

पक्ष्यांसाठी मार्तिने. त्यानं ब्युफाँच्या पक्षिखंडांसाठी कोरलेली रंगीत पानं 1765 पासून चोवीस-चोवीसच्या 42 संचांत निघाली. एकूण 1008, पैकी 973 पक्ष्यांची. नावं फक्त फ्रेंचमध्ये, लॅटिन नाहीत, हे ओळखायला फार उपयोगी पडतं. ‘ब्युफाँ’ हे नाव बघून मात्र हुरळू नका. ते 1788 मध्ये गेले, तरी पुढे कित्येक दशकं नव्या आवृत्त्या नव्या चित्रांसह निघत राहिल्या. पानाखालची बारीक अक्षरं वाचा: डावीकडे ‘देल.’ म्हणजे चित्र काढणारा, उजवीकडे ‘स्कुल्प.’ म्हणजे कोरणारा. मग गॅलिका या फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या मोफत ऑनलाइन संग्रहात मूळ खंड उघडून पान शेजारी धरा.

ल व्हायां या पक्षिअभ्यासकाच्या ग्रंथातले चित्रकार बाराबाँचे पोपट (1801 ते 1805) ही वेगळीच जात. तिथे एकाच पत्र्यावर कापडाच्या छोट्या बोळ्यांनी वेगवेगळ्या शाया भरत. या बोळ्याला फ्रेंचमध्ये ‘पुपे’ म्हणजे बाहुली म्हणतात. छापून झाल्यावर हातानं रंग पुरा करत. भिंगाखाली कोरलेले ठिपकेच रंगीत दिसतात, ऑफसेटची जाळी नाही आणि काळ्यावर चढवलेला रंगही नाही. ती पानं माझ्या ऐपतीबाहेर आहेत, पण लिलावाआधीच्या प्रदर्शनात मी ती मन भरून बघते. नवख्यानं दॉर्बिन्यी या निसर्गअभ्यासकाच्या 1840 च्या दशकातल्या निसर्गेतिहास कोशाची पानं घ्यावीत. पोलादावर कोरलेली, केसासारख्या रेघांची, आणि साध्या पगारात परवडणारी.

शनिवार-रविवारी जॉर्ज ब्रासाँ उद्यानाजवळ जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. मी तिथे सकाळी लवकर जाते. द्रुओ या पॅरिसच्या लिलावगृहाच्या लिलावांत आदल्या दिवशी माल हाताळून बघता येतो, पण हातोडा पडलेल्या बोलीवर खर्च वेगळा चढतो, तो मनात धरूनच हात वर करा. लिलावाच्या यादीतले तीन शब्द पाठ करा: ‘रुसर’ म्हणजे तांबूस डाग, ‘मुयुर’ म्हणजे पाण्याचा डाग, ‘कोलोरी पोस्तेरियर’ म्हणजे रंग नंतरचा.

एक गोष्ट मी करत नाही. धडधाकट खंड फाडून नुकतीच सुटी केलेली पानं मी घेत नाही. शिवणीकडची कड ताजी, पांढरी आणि फाटकी असेल, तर विचारते, खंड कुठे आहे? उत्तर टाळलं तर निघते. शतकभरापूर्वी सुटलेली पानं भरपूर मिळतात. त्यांची कड पानाच्या रंगाची झालेली असते.

घरी आणलेलं पान आम्लरहित माउंटमध्ये, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्यात, वरच्या दोन कोपऱ्यांना जपानी कागद आणि गव्हाच्या खळीनं टांगायचं. सेलोटेप कधीच नाही. त्याचा पिवळा डाग सहसा निघत नाही. उन्हाची भिंत नको, बाहेरची ओल धरणारी भिंत नको. माझी पानं चार-चार महिने भिंतीवर असतात, मग खोक्यात अंधारात जातात आणि दुसरी बाहेर येतात. माउंटच्या मागे मऊ पेन्सिलीनं लिहिते: कुठे घेतलं, कधी, किती युरोला, आणि उलटून बघितल्यावर काय दिसलं. पोपटाच्या माउंटवर लिहिलंय, ‘निळा नंतरचा’.