आजारपणात पगार बुडू नये म्हणून काय करावे

मुंबईत खासगी नोकरी करणाऱ्याने आजारी पडण्यापूर्वीच एक गोष्ट समजून घ्यावी. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 मध्ये 'आजारपणाची रजा' अशी वेगळी रजा नाही. त्यात वर्षाला 8 दिवसांची भरपगारी नैमित्तिक रजा आहे, जी दर तिमाहीला खात्यावर जमा होते आणि वर्षअखेरीस न वापरल्यास संपते. वर्षात किमान 240 दिवस काम केलेल्यांना दर 20 दिवसांमागे एक दिवस अशी अर्जित रजाही मिळते आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. याहून अधिक रजा नेमणूकपत्रात किंवा कंपनीच्या नियमावलीत कबूल केलेली असू शकते, म्हणून ते कागद धडधाकट असतानाच वाचून ठेवावेत.

आजार लांबला की खरा आधार कर्मचारी राज्य विम्याचा, म्हणजे ईएसआयचा. विमा लागू असलेल्या आस्थापनेत मासिक पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल, तर पगारपत्रकात ईएसआयची 0.75 टक्के कपात दिसली पाहिजे. मालक त्यात स्वतःचे 3.25 टक्के घालतो. आजारपणाचा लाभ सरासरी दैनिक वेतनाच्या 70 टक्के दराने, वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस मिळतो. त्यासाठी ठरलेल्या सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. ही सहामाही कोणती, यात पुष्कळ जणांची गल्लत होते. ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला, तर आधीच्या ऑक्टोबर ते मार्च या काळातली वर्गणी पाहिली जाते. फेब्रुवारीत आजारी पडल्यास आधीच्या एप्रिल ते सप्टेंबरची. क्षय, कर्करोग यांसारख्या 34 दीर्घ आजारांत, अधिक काळाची नोकरी व वर्गणी असल्यास, 80 टक्के दराने वाढीव लाभ आहे.

आता हिशेब पाहू. दैनिक वेतन सरासरी 600 रुपये असलेली कामगार दहा दिवस तापाने अंथरुणाला खिळली, तर पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे धरले जातात आणि उरलेल्या आठ दिवसांचे 420 रुपयांप्रमाणे 3,360 रुपये मिळतात. (आधीच्या आजारपणानंतर 15 दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडल्यास प्रतीक्षेचे दिवस कापले जात नाहीत.) ज्या दिवसाचा पगार रजेपोटी मिळाला, त्या दिवसाचा विमा लाभ मिळत नाही. म्हणून सगळी नैमित्तिक रजा एकदम खर्ची घालू नये. पहिल्या दोन दिवसांपुरती ती मागावी आणि तिसऱ्या दिवसापासून विम्याचा दावा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दावा उभा राहतो तो प्रमाणपत्रावर, आणि ते विमा दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून घ्यायचे असते. माझ्या धाकट्या भावाला टायफॉइड झाला तेव्हा तो पहिले सहा दिवस घराजवळच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांच्या चिठ्ठीवर 'विश्रांती आवश्यक' एवढेच लिहिलेले होते. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, ते नव्हते. कारखान्याने ते दिवस गैरहजेरीत टाकले. विमा कार्यालय खासगी डॉक्टरांचा पुरावा पर्याय म्हणून स्वीकारू शकते, परंतु त्या कागदावर निदान, तारखा, सही आणि शिक्का हवा. भावाच्या चिठ्ठीवर यातले जवळजवळ काहीच नव्हते आणि ते सहा दिवस गेले ते गेलेच. तेव्हा ताप अंगात असला तरी कोणाला तरी सोबत घेऊन पहिल्याच दिवशी विमा दवाखाना गाठावा. मुंबईत वरळी, मुलुंड, कांदिवली येथे विमा रुग्णालये आहेत. मालकालाही त्याच दिवशी लेखी कळवावे. व्हॉट्सअॅपवर कळवले असेल, तर तो संदेश जपून ठेवावा.

आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला त्या काळात कामावरून काढणे, पदावनत करणे किंवा अन्य शिक्षा करणे यांना 1948 च्या राज्य विमा कायद्याने कलम 73 अन्वये मनाई केली. तरीही तशी नोटीस हाती पडली, तर राजीनामा लिहून देऊ नये. प्रमाणपत्राची प्रत जोडून लेखी उत्तर द्यावे आणि पोच घ्यावी. विम्याची तक्रार लोअर परळला ना. म. जोशी मार्गावरील पंचदीप भवनात करावी. रजा किंवा पगार अडवला असल्यास वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात अर्ज द्यावा आणि सोबत पगारपत्रक, नेमणूकपत्र व हजेरीची नोंद न्यावी.