मोबाइलवरचा ‘व्हीएआर’ आणि मैदानावरच्या इतर चुका

मी फुटबॉलचा रेफ्री. हंगाम सुरू झाला की स्पर्धांच्या संयोजकांचा फोन येतो, ‘सर, यंदा आपल्याकडं पण व्हीएआर. यूट्यूबवर लाइव्ह आहेच की!’ व्हीएआर म्हणजे व्हिडिओ बघून मैदानावरच्या रेफ्रीचे निर्णय तपासणारा रेफ्री. आपल्याकडं मात्र मध्यरेषेजवळ तिपाईवर एक कॅमेरा आणि त्याच्यामागं दहा-बारा तज्ज्ञ. मी आता सरळ नाही म्हणतो. हे ‘नाही’ शिकायला मला एक गोल घालवावा लागला, तोही दुसऱ्याचा.

कोल्हापूरच्या बाजूचीच गोष्ट. सामना 1-1, शेवटची आठ-दहा मिनिटं. गॅलरीकडच्या बगलेतून फॉरवर्ड सुटला आणि गोल झाला. लाइनमनचा झेंडा खाली, तोही बॅकच्या (बचावपटूच्या) रेषेतच उभा. मी गोल दिला. तेवढ्यात समोरच्या संघाची पोरं मैदानात आणि संयोजकांच्या हातात मोबाइल. ‘बघा की सर, धडधडीत ऑफसाइड हाय!’ म्हणजे पास सुटला तेव्हा फॉरवर्ड, कीपर सोडून शेवटच्या बॅकच्याही पुढं होता. स्क्रीनवर गडी खरंच हातभर पुढं दिसत होता. मी गोल रद्द केला. टायब्रेकरमध्ये गोल केलेला संघच हरला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पेनल्टी बॉक्सच्या रेषेतून काढलेला फोटो दाखवला. फॉरवर्ड आणि पलीकडचा बॅक, दोघांचेही पाय एकाच चुन्याच्या रेषेवर.

कॅमेरा मध्यरेषेवर होता, म्हणजे नजर तिरकी. अशा नजरेला दोघं समरेषेत असले तरी कॅमेऱ्याजवळचा खेळाडू गोलकडं सरकलेला दिसतो. त्यात मोबाइल सेकंदाला साधारण 30 चित्रं टिपतो. सेकंदाला 7 मीटर पळणारा गडी दोन चित्रांच्या मध्ये 23 सेंटिमीटर पुढं जातो. बॅक तितक्याच वेगानं उलटा धावत असेल तर फरक दुप्पट. पास नेमका कुठल्या चित्रात सुटला हेच कळत नाही, तिथं हातभर ऑफसाइडचं काय घेऊन बसलात? कतारच्या 2022 च्या विश्वचषकात याच कामाला छताखाली 12 कॅमेरे होते आणि चेंडूत सेकंदाला 500 वेळा माहिती पाठवणारा सेन्सर. आपल्याकडं तिपाई. शिवाय व्हीएआरची मान्यताप्राप्त यंत्रणा नसलेल्या सामन्यात रेफ्रीनं व्हिडिओ बघून निर्णय बदलणं नियमातच बसत नाही. मला ते माहीत होतं, तरी गर्दीपुढं विसरलो.

दुसरी चूक अर्धवट बोलण्याची. 30 सप्टेंबर 2023, इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधला टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल सामना. लिव्हरपूलच्या लुईस दियाझचा गोल मैदानावर ऑफसाइड ठरला. व्हीएआर खोलीत रेषा आखली, दियाझ ऑनसाइड निघाला. पण मैदानावर गोल दिलाय असं व्हीएआरच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तो ‘चेक कम्प्लीट’ म्हणून मोकळा झाला. मैदानावरच्या रेफ्रीनं त्याचा अर्थ घेतला, ऑफसाइड कायम. फ्री किक घेतली गेली, खेळ सुरू झाला. खोलीत चूक लक्षात आली तेव्हा मागं फिरायला नियमानं वाटच नव्हती. लिव्हरपूल 2-1 नं हरलं. एवढी यंत्रणा, आणि घात केला दोन शब्दांनी.

म्हणून माझ्या लाइनमनांना मी सामन्याआधीच सांगतो, अंगठा दाखवायचा नाही, ‘ओके सर’ म्हणायचं नाही. ‘गोल नाही, नऊ नंबर ऑफसाइड’ असं पूर्ण बोलायचं. मी तेच मोठ्यानं परत म्हणतो आणि मगच पुढची शिट्टी. नव्या पोरांना हे म्हाताऱ्याचं खूळ वाटतं. वाटू दे.

तिसरी चूक जाळी न तपासण्याची. 2013 मध्ये जर्मनीत होफेनहाइमच्या मैदानावर लेव्हरकुसेन संघाच्या कीसलिंगचा हेडर बाजूच्या जाळीच्या भोकातून आत गेला आणि गोल धरला गेला. मी दोन्ही जाळ्या हातानं ओढून बघतो, खिशात सुतळी असते.

स्लो मोशन बघून रेड कार्ड मागू नका. धक्का कुठं लागला ते त्यात दिसतं, किती जोरात लागला ते नाही. संथ केला की कुठलाही टॅकल खुनशीच वाटतो.

गोलकीपरचा 8 सेकंदांचा नवा नियम 2025 मध्ये आला. जास्त वेळ चेंडू हातात धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर. रील बघून शिकलेले रेफ्री कीपर चेंडूवर झेपावला की मोजायला लागतात! चेंडू पूर्ण ताब्यात आल्यावर मोजायचं, आणि शेवटचे पाच सेकंद हात वर करून बोटांनी दाखवायचे.

फक्त कॅप्टननंच रेफ्रीकडं येऊन बोलायचं, ही नवी पद्धत मला सगळ्यात आवडली. तिला कॅमेरा लागत नाही. तरी आपल्याकडं तीच कुणी पाळत नाही.

व्हिडिओची फारच हौस असेल तर फिफानं 2024 मध्ये कोलंबियातल्या 20 वर्षांखालील महिला विश्वचषकात वापरलेली पद्धत बघा. प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा दाद मागता येते आणि निर्णय बदलला तर ती संधी शिल्लक राहते. पण तिथंही मॉनिटर बघतो तो रेफ्रीच, गॅलरी नव्हे. यंदाच्या संयोजकांना मी सुचवलं, कॅमेऱ्याच्या पैशांत दोन चांगले लाइनमन आणा. ‘विचार करून सांगतो सर’ म्हणाले. स्पर्धा रविवारी आहे, फोन अजून आलेला नाही.