उंची बदलता येणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगा कशा निवडाव्यात: आधी शॉकअपचा दांडा मोजा

टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये किती बोटे शिरतात ते पाहून लोअरिंग स्प्रिंगा, म्हणजे गाडीची उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगा, निवडाव्यात, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकून मी एकदा पैसे, दोन शॉकअप आणि एक पावसाळा वाया घालवला आहे. त्यानंतर माझ्या आणि मित्रांच्या मिळून सात गाड्यांवर या स्प्रिंगा बसवल्या आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट पटत गेली. गाडी किती खाली घ्यायची हे मडगार्डची फट ठरवत नाही. शॉकअपच्या दांड्यावर उरलेली जागा ठरवते. पुढील सर्व उदाहरणे २०१७च्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसची आहेत, कारण ती गाडी मी स्वतः उघडून मोजली आहे. पद्धत मात्र कोणत्याही वेगवान गाडीला लागू पडते.

या स्प्रिंगा कंपनीच्या मूळ शॉकअपसोबतच बसतात. स्प्रिंगच्या बैठकीशी आटे पाडलेले एक कडे येते आणि ते फिरवून गाडीची उंची ठरावीक पट्ट्यात वरखाली करता येते. जर्मनीतील केडब्ल्यू आणि एच अँड आर या कंपन्या असे संच बनवतात. कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप यांचा एकत्र संच; त्यात शॉकअपही बदलतो, इथे तो राहतो, आणि म्हणूनच ज्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक शॉकअप आहेत त्यांच्यासाठी हा मार्ग विशेष सोयीचा ठरतो.

१. शॉकअप तपासा

तेल झिरपत असेल किंवा गाडी साठ-सत्तर हजार किलोमीटर चालली असेल, तर आधी शॉकअप नवे घ्या आणि मग पुढचे वाचा.

२. आजची उंची लिहून ठेवा

जमीन सपाट असावी, टाकी अर्धी भरलेली असावी आणि चालकाच्या जागेवर चालकाइतके वजन असावे. चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांना मोजावे. जमिनीपासून मोजू नये, कारण टायरची हवा आणि झीज त्या आकड्यात मिसळते.

३. दांड्यावरची जागा मोजा

खरे काम इथे आहे आणि नेमके हेच कोणी सांगत नाही. शॉकअपच्या दांड्यावर फोमचा एक ठोकळा असतो, त्याला बंप स्टॉप म्हणतात. चाक खड्ड्यातून वर उसळले की शॉकअपची नळी दांड्यावर वर सरकते आणि जागा संपली की या ठोकळ्यावर आपटते. आधुनिक गाड्यांत हा ठोकळा जाणूनबुजून दुसऱ्या स्प्रिंगसारखा वापरलेला असतो, त्यामुळे त्याला थोडासा स्पर्श होणे हा दोष नाही. तो पूर्ण चिरडला जाणे हा दोष आहे, कारण त्यानंतरचा धक्का थेट बॉडीला आणि शॉकअपच्या आतल्या झडपांना बसतो.

पहिल्या वेळी मी मडगार्डची फट पाहून गाडी ३० मिमी खाली घेतली. एकटा चालवत होतो तोवर गाडी सुरेख वाटली. जुलैमध्ये तिघा मित्रांना घेऊन ताम्हिणी घाटाकडे निघालो, मुळशीच्या पुढे रस्त्याच्या एका खोलगट भागात पुढून मोठा आवाज झाला आणि स्टिअरिंग हातात झटकले गेले. घरी येऊन चाक काढले, धुळीचे रबरी आवरण वर सरकवले, तर आत बंप स्टॉपचे पिवळे तुकडे भाकरीच्या चुऱ्यासारखे पडले होते आणि दांड्यावर तेलाचा पातळ थर आलेला होता. ज्या गॅरेजमध्ये स्प्रिंगा बसवल्या होत्या तिथे सांगण्यात आले, "स्प्रिंग मऊ पडली, अजून कडक घ्या." मी घेतली. गाडी प्रत्येक सांध्यावर उड्या मारू लागली आणि त्याच खोलगट भागात पुन्हा आपटली.

तो सल्ला का चुकीचा होता हे साध्या गणिताने कळते. स्प्रिंग जी ऊर्जा जिरवते ती दबल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समजा, उभ्या गाडीत वर सरकायला ६० मिमी जागा होती आणि ती तुम्ही ३० मिमीवर आणली. आता तोच धक्का बंप स्टॉपला न लागता जिरवायचा, तर स्प्रिंग चौपट कडक हवी. ४५ मिमीवर आणली तरी पावणेदोन पटींहून थोडी अधिक कडक हवी. रस्त्यासाठीच्या संचांत कडकपणा इतका कुठेच वाढवलेला नसतो आणि वाढवला तर ती गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी राहणार नाही. म्हणजे गमावलेली जागा कडकपणाने भरून काढता येत नाही. ती मुळात कमी गमवावी लागते.

मोजण्यासाठी लागतो तो एक प्लास्टिकचा केबल टाय. मूळ स्प्रिंगा असतानाच धुळीचे आवरण वर सरकवून टाय दांड्याभोवती घट्ट बांधा आणि शॉकअपच्या नळीच्या तोंडाला टेकवा. चालकासह गाडी उभी असताना नळीच्या तोंडापासून बंप स्टॉपच्या खालच्या टोकापर्यंतचे अंतर लिहा. मग गाडी नेहमीच्या, त्यातही वाईटात वाईट रस्त्यावर न्या: आधी एकट्याने, नंतर चार माणसे आणि डिकीत सामान घेऊन. नळी टायला वर ढकलत नेते आणि टाय तिथेच अडकून राहतो. परत येऊन नळीच्या तोंडापासून टायपर्यंतचे अंतर पुन्हा चालकासह उभ्या गाडीत मोजा. हे काम एका सकाळचे आहे आणि ते टाळून स्प्रिंगा मागवू नयेत, असे मी ठामपणे सांगतो.

माझ्या गाडीला पुढे मोकळी जागा ५२ मिमी मिळाली. एकट्याने चालवताना टाय ४४ मिमीवर गेला. चार माणसांसह ५८ मिमीवर, म्हणजे मूळ स्प्रिंगांवरसुद्धा बंप स्टॉप ६ मिमी दबत होता. ठोकळ्याची लांबी ५५ मिमी होती. वाईटात वाईट धक्क्यालाही ठोकळा निम्म्यापेक्षा अधिक दबू नये, असा माझा नियम आहे. निम्मे म्हणजे साधारण २७ मिमी. त्यातले ६ आधीच वापरलेले, म्हणून उरले २१. त्या गाडीला पुढे २० मिमीपेक्षा जास्त खाली घेणे चूक होते आणि मी ३० मिमी घेतले होते. ठोकळ्याचा चुरा होण्याचे कारण एवढे सरळ होते.

बंप स्टॉप कापून जागा करण्याचा उपाय कोणी सुचवेल. संचाच्या माहितीपत्रकात जितके मिलिमीटर कापायला सांगितले असेल तितकेच कापा आणि तसे सांगितले नसेल तर ब्लेड हातात घेऊ नका. मूळ स्प्रिंगचा वेढा कापून गाडी खाली घेण्याबद्दल तर बोलायलाच नको: कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि ती स्प्रिंग एखाद्या दिवशी जागेवरून सुटते.

मागच्या बाजूला एक गुंता आहे. ऑक्टाव्हिया आरएसमध्ये मागची स्प्रिंग शॉकअपवर नसून खालच्या आर्मवर, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या दांडीवर, चाकापेक्षा आतल्या बाजूला बसते. त्यामुळे कडे जितके फिरवाल त्यापेक्षा गाडी अधिक खाली येते. हे प्रमाण अंदाजाने धरू नये. बॉडी स्टँडवर पक्की ठेवून ट्रॉली जॅकने चाकाचा मध्य २० मिमी वर उचला आणि स्प्रिंगची लांबी किती घटली ते व्हर्नियरने (बारीक अंतर मोजण्याच्या पट्टीने) मोजा. ती १३ मिमी घटली, तर प्रमाण ०.६५ होते आणि कडे १० मिमी उतरवल्यावर गाडी १५ मिमी खाली येते. चाकापाशी जाणवणारा कडकपणा या प्रमाणाच्या वर्गाने कमी होतो, म्हणून मागची स्प्रिंग संचाच्या तक्त्यात पुढच्यापेक्षा बरीच कडक दिसली तरी दचकू नये.

४. पट्टा पाहून संच निवडा

तुमचा आकडा हाती आला की निवड सोपी होते. २० मिमी हवे असेल, तर गाडी १५ ते ३५ मिमी खाली घेणारा पट्टा असलेला संच घ्यावा. २५ ते ४५ मिमीचा संच कितीही नामांकित असला तरी तुमच्या गाडीला निरुपयोगी आहे, कारण त्यात वर जाण्याची सोयच नाही. आपल्या आकड्यापासून गाडी वर घ्यायला किमान ५ मिमी मोकळीक असावी. स्प्रिंगा वापरात थोड्या दबून खाली बसतात आणि तेव्हा ती उपयोगी पडते.

कडकपणाचा आकडा न्यूटन प्रति मिमीमध्ये मागून घ्या. जो विक्रेता तो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. एका चाकावर स्प्रिंगने पेललेले वजन ३८० किलो धरले, तर चाकापाशी ३० न्यूटन प्रति मिमीला गाडीची लय सेकंदाला १.४ हेलकाव्यांची येते आणि ३८ला ती १.६च्या जवळ जाते. रस्त्यावरच्या गाडीला मी याच्या पुढे जात नाही. शिवाय कडकपणा असा सव्वा पटीने वाढला की मूळ शॉकअपची हेलकावे शमवण्याची सापेक्ष ताकद सुमारे ११ टक्के घटते. शॉकअप चांगला असेल तर तो हे सोसतो, त्यापलीकडे नाही.

पुढचा खालचा आर्म नजरेखालून घाला. जमिनीला समांतर होईपर्यंत गाडी खाली घेणे ठीक. चाकाकडचे टोक आतल्या टोकापेक्षा वर गेले, की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा झपाट्याने खाली जातो. त्यामुळे अति खाली घेतलेली गाडी वळणावर कमी नव्हे, तर जास्त कलू पाहते.

५. गाडी उचलून पाहा

चाके हवेत लोंबकळत असताना स्प्रिंग दोन्ही बैठकींत पकडलेली राहिली पाहिजे. हाताने फिरत असेल, तर तो संच परत करा.

६. पोटाखालची जागा

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाचा गतिरोधक ३.७ मीटर लांब, १० सेंमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. ऑक्टाव्हियाची पुढची आणि मागची चाके त्यावर असताना पोटाखाली तो जेमतेम ५३ मिमी वर येतो, त्यामुळे अशा गतिरोधकाची भीती नाही. भीती आहे ती सोसायटीच्या दारातल्या अरुंद, टोकदार उंचवट्यांची, कारण तिथे पूर्ण उंची पोटाखाली येते. रोजच्या वाटेवरचा सर्वांत वाईट उंचवटा पट्टीने मोजा.

७. कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. खरेदीपूर्वी आरटीओकडे चौकशी करा, विमा कंपनीला लेखी विचारा आणि मूळ स्प्रिंगा जपून ठेवा. संचासोबत ट्यूफ या जर्मन तपासणी संस्थेचा अहवाल असेल, तर तो भागाच्या गुणवत्तेचा चांगला पुरावा आहे. तो आरटीओची परवानगी नव्हे.

८. बसवल्यानंतर

दाबलेली स्प्रिंग जीवघेणी असते, म्हणून हे काम स्प्रिंग दाबून धरण्याचे योग्य साधन (स्प्रिंग कॉम्प्रेसर) असलेल्या गॅरेजमध्येच करून घ्यावे. चारही फटी सारख्या दिसाव्यात म्हणून एकेका चाकाचे कडे स्वतंत्र फिरवू नका. त्याने वजन तिरप्या समोरासमोरच्या दोन चाकांवर जास्त जाते आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढू लागते. एका अ‍ॅक्सलची दोन्ही कडी सारखीच फिरवावीत. मग अलाइनमेंट, म्हणजे कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाके समोरून आत की बाहेर वळलेली आहेत ते), आणि हेडलाइटची पातळी जुळवून घ्यावी.

केबल टाय नव्याने बांधून तोच रस्ता चार माणसांसह पुन्हा चालवा. साधारण ५०० किलोमीटरनंतर चारही उंची परत मोजा, स्प्रिंगा जितक्या बसल्या असतील तितकी कडी वर घ्या आणि अलाइनमेंट पुन्हा तपासा. पावसाळा संपला की आट्यांमधला चिखल जुन्या टूथब्रशने काढून टाका, नाहीतर पुढच्या वेळी कडे जागचे हलणार नाही.